दुसरी रेघ

बिसाऊ, १४ जानेवारी

धाकटी आई,

मी फोन केला की तू ठेवतेस. अकरा वेळा ठेवलास, मी मोजलंय. "त्या घरातला एकही आवाज माझ्या कानावर पडायला नको," असं जाताना म्हणाली होतीस, म्हणून आता कागद पाठवतेय. कागदाला आवाज नसतो. तुला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा आवाज शेजारच्या ओदेतताईंचाच असणार. ओदेतताई, शिवणयंत्र थांबवून हे वाचताय त्याबद्दल आभार. पुढचं वाचायच्या आधी तेवढं दार लोटून घ्या.

मालाम गेल्या मंगळवारी गाडी घेऊन सीमेपलीकडून, तुझ्या झिगिंशोरहून आला. तुझी मासळी तोच आणतो-नेतो, म्हणून त्याला विचारलं. आधी म्हणाला, "बरी आहे की." मग चहाचा पेला संपवला, खाली ठेवला आणि म्हणाला, "कमरेचं कापड दोनदा गुंडाळते आता. टोपली उचलायला मला हाक मारते." तू आणि टोपली उचलायला हाक? मला तेवढं पुरलं. ही झीज मी एकदा पाहिली आहे, आणि तूही पाहिली आहेस, माझ्यापेक्षा जास्त जवळून.

म्हणून सरळ मुद्द्यावर येते. मी अजून त्याच प्रयोगशाळेत, त्याच स्टुलावर बसून लोकांचं रक्त तपासते. डिसेंबरात नव्या पट्ट्या आल्या. आमचे मोठे साहेब फिदेलिस यांनी गोठवून ठेवलेल्या जुन्या नळ्या बाहेर काढायला लावल्या आणि सगळं रक्त पुन्हा तपासायला घेतलं. एचआयव्हीचे दोन प्रकार आहेत हे मी तुला पूर्वी सांगितलं होतं, तू म्हणाली होतीस की एकच काय कमी होता. तर जुन्या वहीत ज्यांच्या नावापुढे 'एक' लिहिलंय, त्यांतले सतरा जण 'दोन' निघाले. त्यात आईची नळी आहे. तुझीही आहे.

लिहिताना प्रयोगशाळेकडून चूक झाली होती.

तू तिकडच्या दवाखान्यात आमचाच कागद दाखवलास, त्यांनी तो पाहून आईची होती तीच गोळी तुला दिली. त्या एका गोळीत तीन औषधं असतात. त्यातलं एक दुसऱ्या प्रकारावर चालतच नाही, जन्मापासूनच नाही. उरलेली दोन एकटी लढतात आणि दमतात, आणि तेवढ्यात विषाणू त्यांना ओळखायला शिकतो. तुझ्या अंगातला किती शिकलाय, हे बघितल्याशिवाय नवं औषध देता येत नाही.

सोबत एक जाड कागद आहे. त्यावर पाच गोल आहेत. बोटाला टोचून पाचही गोल रक्ताने भरायचे, सावलीत एक दिवस वाळवायचे, आणि पिशवीत घालून मालामच्या हाती द्यायचे. मासळीच्या धुरावर वाळवू नकोस. पिशवीत पांढऱ्या दाण्यांची पुडी आहे, ती ओल शोषून घेते. ती रस्स्यात घालू नकोस.

तुझी,
(हा शब्द ठेवायचा की खोडायचा ते तू ठरव)
इनासिया


बिसाऊ, ६ फेब्रुवारी

धाकटी आई,

कागद कोराच परत आला. वर मासळीचे खवले चिकटलेले. मालामने तुझा निरोपही जसाच्या तसा दिला, हातवारे करून: "सांग तिला, रक्त हवं असेल तर बेर्नाबेचं काढ म्हणावं. त्याच्या अंगात दोन माणसांचं आहे." गाडीतले लोक हसले. मीही हसले, कारण माझ्या भावाच्या पोटाबद्दल तू खोटं बोलली नाहीस.

पण कागदाच्या पाठीवर ओदेतताईंच्या हातचं जे होतं, ते वाचून हसू गेलं. तू सांगितलंस आणि त्यांनी लिहिलं: "इथल्या यंत्रातही शून्य आलंय. डॉक्टर म्हणतात, विषाणू दिसत नाही, मावशी, छान आहे तुमचं. मग मी का झिजते ते मला कळलंय. आउगुस्ता येते. बाकावर बसते आणि बघत राहते. मेलेल्याला सगळं कळतं म्हणतात ना? मग मी तिला खाल्लं नाही, हे तिला का कळत नाही? येऊ दे. माझं मीच बघेन."

आई तुला खात नाहीये. ऐक. माझा राग नंतर काढ, आधी हे ऐक.

ते यंत्र पहिल्या प्रकारासाठी बनवलंय. पहिला साऱ्या जगात फिरला, म्हणून साऱ्या जगाने त्याची यंत्रं बनवली, त्याची औषधं शोधली. दुसरा आपल्या या किनाऱ्यावरचाच, फारसा कुठे गेला नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी घाई केली नाही. तांदळाच्या चाळणीत बाजरी घातलीस तर सगळी खाली गळते आणि चाळणी रिकामी दिसते. तसं त्या यंत्राचं आहे. शून्य म्हणजे रोग नाही असं नाही. शून्य म्हणजे त्या यंत्राने भलत्यालाच शोधलं.

हे आपल्याला तेव्हा माहीत असतं तर! आईचं शून्य आलं तो दिवस आठवतो? कागद मीच गावी घेऊन आले होते कांशुंगोच्या गाडीने, पिशवीत जपून. अंगणात उभं राहून मोठ्याने वाचला. बेर्नाबेदादाने बकरं कापलं. तू मुसळ हातात घेऊन नाचलीस, मी परीक्षा पास झाले तेव्हा नाचली होतीस तशीच. आणि सहा महिन्यांनी आईला ते मुसळ उचलवेना.

मग दादाच्या तोंडून ते वाक्य निघालं, "यंत्र म्हणतं रोग नाही. मग ही बाई कशाने झिजते? कोण चेटूक करून खातंय हिला?" आणि सगळ्यांनी बघितलं ते तिला भरवणाऱ्या हाताकडे. सवतीच्या हाताकडे. तिच्या तोंडात भाताचा घास घालणारी, तिचे कपडे धुणारी, तिला पाठीवर घेऊन विहिरीपर्यंत नेणारी एकटी तूच होतीस. आम्ही बाकीचे शून्य घेऊन बसलो होतो.

तिकडच्या तुझ्या गल्लीतही आता कुजबुज सुरू होईल. सेगुंदाला कोण खातंय म्हणतील. एखाद्या बिचारीचं नाव घेतील. ओदेतताईंचंच घेतील, रोज तुझ्याकडे त्याच येतात. हे थांबवायला पाच थेंब लागतात. नवा कागद पाठवतेय. या वेळी त्यात मासे गुंडाळू नकोस.

इनासिया


बिसाऊ, २५ फेब्रुवारी

धाकटी आई,

ओदेतताईंचं अक्षर सुरेख आहे आणि प्रश्न तुझा आहे: "प्रयोगशाळेकडून चूक झाली म्हणतेस. प्रयोगशाळेला हात असतात का? कोणाचा हात?" खाली त्यांनी स्वतःहून लिहिलंय, "आणखी तीन शिव्या दिल्या, त्या लिहिल्या नाहीत."

खाई त्याला खवखवे. मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्हीत 'प्रयोगशाळा' या शब्दामागे लपले. तू लिहायला-वाचायला शिकली नाहीस, पण मला लहानपणापासून ओळखतेस.

हात माझा.

आता सगळं सांगते. आधीचं थोडं जे वेगळं सांगितलं होतं, ते विसर.

बाबा गेल्यावर मी आईला तपासायला बोलावलं. ती आली तेव्हा दुपार होती, ताप होता, ती बाकावर भिंतीला टेकून बसली. त्या पट्टीवर एक रेघ नुसती पट्टी चालते की नाही हे सांगायला असते, आणि दोन रेघा दोन प्रकारांच्या. आईच्या पट्टीवर दुसरी रेघ गडद आली. पहिली इतकी फिकट की उजेडात तिरपी धरावी लागली. नियम असा की अशा वेळी दोन्ही लिहायच्या आणि वेगळ्या बनावटीच्या पट्टीवर पुन्हा बघायचं. त्या पट्ट्या संपल्या होत्या. दुसऱ्या प्रकाराचं औषध दोन महिने आलंच नव्हतं. पहिल्याचं मात्र खिडकीवर त्याच दिवशी मिळत होतं. मी मनाशी म्हटलं, फिकट का होईना, पहिली रेघ आहे ना? दोन्ही असतील. एकाचं तरी औषध लागू पडेल. निदान आज रिकाम्या हाताने तर जाणार नाही.

मी 'एक' लिहिलं. आईला त्याच संध्याकाळी गोळ्या मिळाल्या. ती म्हणाली, "आपली मुलगी आत असली की कसं काम होतं बघ." मला फार बरं वाटलं होतं ग.

एवढंच असतं तर मी कदाचित स्वतःला माफही केलं असतं. पण तीन आठवड्यांनी तू आलीस. तुझ्या पट्टीवर पहिली रेघ नव्हतीच. कितीही तिरपी धरली तरी नव्हती. फक्त दुसरी. आणि मी विचार केला, एकाच नवऱ्याच्या दोन बायका, आईचं 'एक' आणि तुझं 'दोन' लिहिलं तर साहेब आईची पट्टी मागतील. म्हणून तुझ्याही नावापुढे 'एक' लिहिलं. तुला ताप नव्हता. तुला घाई नव्हती. तू थांबू शकली असतीस. तुझं मी केवळ माझं झाकण्यासाठी लिहिलं.

पाच वर्षं झाली. आई तीन वर्षं ती गोळी घेऊन गेली. तू अजून घेतेस.

परवा हे फिदेलिस साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला वाटत होतं तू आमच्यातली सगळ्यात काटेकोर. वहीत एक खाडाखोड नाही तुझ्या." मी म्हटलं, "खाडाखोड करायला हवी होती, साहेब." त्यांनी माझ्याकडून तपासणीचं काम काढून घेतलं. आता त्या सतरा जणांना शोधून आणायचं काम माझं. डिसेंबरपासून अकरा सापडलेत. चार वारले. एक बेटांवर गेलाय, त्याला निरोप धाडलाय. सतरावी तू.

मला तुझी माफी नको आहे. रक्त हवं आहे. माफी मागायला मी मागाहून येईन, तेव्हा हवी तेवढी उशिरा दे किंवा देऊ नकोस. पण विषाणू थांबत नाही, तो रोज शिकतोय. नवा कागद सोबत आहे. तू तो परत पाठवलास तर मी आणखी एक पाठवीन. माझ्याकडे अख्खा गठ्ठा आहे.

इनासिया


बिसाऊ, १३ मार्च

धाकटी आई,

पाचही गोल भरलेले आले. एक थेंबही रेघेबाहेर नाही. साहेबांनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, "कोणी घेतलंय हे? नर्स आहे का तिकडे?" मी म्हटलं, "मासळीवाली आहे आणि शिंपीण आहे." ते म्हणाले, "दोघींना इथे कामाला बोलाव." कागद सोमवारच्या विमानाने लिस्बनला गेला. तिथल्या प्रयोगशाळेत दुसऱ्या प्रकाराचा विषाणू वाचता येतो. दोन महिने तरी लागतील. मी सांगेपर्यंत जुनीच गोळी घेत राहा, अर्धवट सोडू नकोस.

आणि तुझी अट पोहोचली. ओदेतताईंनी ती वेगळ्या कागदावर लिहिली आहे: "मी रक्त दिलं. आता तू दे. कागदावर कोणीही कबूल होतं. जिथे मला दोषी ठरवलं तिथे बोल, त्या अंगणात, त्याच माणसांसमोर. आउगुस्ताच्या शेवटच्या विधीला ढोल वाजेल, घरातल्या माणसांची नावं घेईल. त्यात माझं नाव आलं पाहिजे. नाही आलं तर तुझं औषध तुझ्यापाशी ठेव."

धमकी देणं तुला शोभत नाही म्हणणार होते, पण शोभतं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी विधी आहे. काजूच्या मोसमामुळे सगळे गावात असतील. बेर्नाबेदादाने दोन गाई सांगितल्यात, फ्रान्सहून चुलतभाऊ येतोय, आईला वाहायची कापडं विणून तयार आहेत. मी काल दादाला फोनवर विचारलं, "धाकट्या आईचं नाव ढोलावर घेणार का?" तो म्हणाला, "कोण धाकटी आई?" मी म्हटलं, "जिने तुला शेंगदाण्याचा रस्सा भरवून एवढा केला, ती." त्याने फोन ठेवला. या घराण्यात फोन ठेवायची कला सगळ्यांनाच येते.

मी बोलेन. कसं ते माहीत नाही. पण बोलेन.

इनासिया


कांशुंगोच्या गाडीतळावरून, रविवार, २६ एप्रिल

धाकटी आई,

मालामच्या गाडीच्या टपावर अजून काजूची पोती चढताहेत, तोवर लिहून घेते. अक्षर वाकडं आलं तर ओदेतताई, सांभाळून घ्या.

काल दुपारी दुसरी गाय पडली आणि कापडं मांडायला घेतली तेव्हा मी अंगणाच्या मध्ये जाऊन उभी राहिले. दादा दातांवर दात ठेवून म्हणाला, "इनासिया, बस खाली. आज नाही." मी म्हटलं, "आजच. उद्या हे सगळे घरी जातील."

आणि मग मी प्रयोगशाळेतली बाई झाले. दोन प्रकार, दोन रेघा, तीन औषधं, यंत्राची चाळणी, सगळं सांगत सुटले. पालथ्या घड्यावर पाणी. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, फ्रान्सच्या भावाने घड्याळ बघितलं. शेवटी पेरपेतुआ आत्या, बाबांची बहीण, बसल्या जागेवरून म्हणाली, "थांब ग. मला एवढंच सांग. आउगुस्ताला रोग होता?"

"होता, आत्या."

"यंत्राला दिसला नाही?"

"नाही."

"तुला दिसला?"

"हो. पट्टीवर दिसला."

"दिसला, आणि तू भलतंच लिहिलंस?"

"हो."

"आणि त्या लिहिण्याने ती मेली?"

"बरंचसं त्यानेच."

आत्याने तोंडातली काडी काढली. "मग एवढं लांबण कशाला लावलंस? तूच खाल्लंस तिला."

धाकटी आई, माझ्या जिभेवर मोठं उत्तर होतं. चूक आणि खाणं यातला फरक, औषधाचा तुटवडा, सरकार, सगळं. ते सगळं खरंही होतं. पण मी आजूबाजूला पाहिलं. त्या अंगणात कोणीतरी आईला खाल्लं होतं, आणि मी नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा तूच ठरली असतीस. म्हणून म्हटलं, "हो, आत्या. मीच खाल्लं."

दादा ओरडला, "वेडी झालीस का? तिरडीने सांगितलं होतं! चौघांच्या खांद्यावरून आईने स्वतः दार दाखवलं! लाकूड सेगुंदाच्या दारावर आपटलं, तीनदा!"

आणि तिथे मला ते सांगावं लागलं जे मी या पत्रांतही तुला सांगितलं नव्हतं.

मयताच्या दिवशी तिरडीवरच्या आईला विचारलं गेलं, "कोणी खाल्लं तुला, सांग," आणि तिरडी वळली, तेव्हा मी तुझ्या दारासमोर उभी होते. तू आत होतीस, चुलीपाशी, तुला दिसलं नाही. तिरडी सरळ माझ्याकडे आली. पुढचा दांडा माझ्या छातीपासून हातभर होता. आईच्या अंगावरच्या कापडाच्या दशा मला दिसत होत्या. माझ्या पिशवीत अजून तो शून्याचा कागद होता, आणि त्या क्षणी मला आठवली ती पट्टी, तिरपी धरलेली. मी बाजूला झाले. फक्त दोन पावलं. माझ्यामागे तुझं दार होतं. चौघे भरात होते, थांबले नाहीत. दार वाजलं.

हे मी काल सगळ्यांसमोर सांगितलं. आई माझ्याकडेच आली होती. मी सरकले.

दादा म्हणाला, "खोटं." तेव्हा फिलोमेनोकाका ढोलापासून उठले. तिरडीचा पुढचा डावा दांडा त्यांच्या खांद्यावर होता, आठवतं? ते म्हातारे अजून फार बोलत नाहीत. म्हणाले, "ती पोर हलली तेव्हा तिरडी अडली होती. अर्धं पाऊल मला मागे ओढलं तिरडीने. मला वाटलं माझा पाय घसरला. दोन वर्षं मी लोकांना हेच सांगतोय, पाय घसरला म्हणून. माझा पाय कधी घसरत नाही."

मग ते परत बसले, काठ्या हातात घेतल्या, आणि दादाला न विचारता पोकळ लाकडावर मारायला लागले. आजोबांचं नाव वाजलं. बाबांचं, पाउलिनोचं, वाजलं. पाउलिनोची थोरली, आउगुस्ता. मग काठ्या जरा थांबल्या. आणि पाउलिनोची धाकटी, सेगुंदा. तीन वेळा. खाडीपलीकडच्या बागेत काजू वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या, इतकं ते स्वच्छ ऐकू गेलं. त्यांच्यातली एक ओरडली, "जिवंत आहे का ग ती?" मी घसा फाडून ओरडले, "आहे!"

तुला सांगू, मला रडू आलं नाही. मला भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

पण जेवायला कोणी वाढलं नाही. तुला घराबाहेर काढताना तुझी मडकी ज्या दगडावर फोडली होती, त्याच दगडावर माझं ताट फोडलं. तुझी चार होती, माझं एकच, ते तरी मुलामा दिलेलं पत्र्याचं, त्याला नुसते टवके उडाले. दादाने माझी पिशवी फाटकाबाहेर ठेवली. फेकली नाही, ठेवली. त्याचे डोळे लाल होते. त्याला आता दोघींचं काहीतरी करावं लागणार आहे, मेलेल्या आईचं आणि घालवून दिलेल्या आईचं. ते त्याचं त्याने बघावं. पेरपेतुआ आत्याने मात्र फाटकापर्यंत येऊन केळीच्या पानात भात आणि ताडाच्या तेलातली मासळी दिली. म्हणाली, "खाल्लंस तर खाल्लंस. पण उभं राहून बोललीस."

गाडी भरली. मालाम भोंगा वाजवतोय.

इनासिया


बिसाऊ, १२ मे

धाकटी आई,

लिस्बनचं उत्तर आलं.

विषाणूचा धागा असतो, कमरेच्या मण्यांच्या माळेसारखा. प्रत्येक मण्याला नंबर असतो. तुझ्या विषाणूने पासष्टावा आणि एकशे चौऱ्याऐंशिवा मणी बदललाय. पासष्टाव्यामुळे जुन्या गोळीतलं एक औषध गेलं, एकशे चौऱ्याऐंशिव्यामुळे दुसरं. तिसरं तर कधीच नव्हतं. म्हणजे गेले कित्येक महिने तू रोज रात्री इमानेइतबारे जी गोळी गिळत होतीस, तिचा जवळजवळ काहीच उपयोग होत नव्हता. आई तुला खात नव्हती. मी आधीच सांगितलं होतं, आता लिस्बननेही सांगितलं.

पण बाकीचे मणी जागेवर आहेत. आईच्या गोठवलेल्या शेवटच्या नळीत तेही राहिले नव्हते, तिच्यासाठी आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं. तुझ्यासाठी उरलंय. एक जुनं औषध, ज्याच्यावर पासष्टाव्या मण्याचा काही जोर चालत नाही, आणि एक नवं, जे विषाणूला वेगळ्याच ठिकाणी पकडतं. साहेबांनी स्वतः झिगिंशोरच्या डॉक्टरांशी बोलून घेतलंय. मोठ्या गोळ्या आहेत, पिवळ्या, घशात अडकतात. पोट बिघडेल, पहिला महिनाभर तू मला आणखी शिव्या देशील. पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात तुझ्या, चढायला वेळ लागेल. चढतील याची हमी मी देत नाही. हमी देऊन मी एकदा तोंडावर पडलेय. मी फक्त गोळ्या देते.

ओदेतताईंचं पत्र मिळालं. त्यांनी लिहिलंय की ढोलाचं वाचून दाखवलं तेव्हा तू उठून मासळी उलटायला गेलीस आणि सगळी करपवलीस. आणि तिरडीचं वाचल्यावर म्हणालीस, "मला माहीत होतं. दाराच्या फटीतून मला तिचे पाय दिसले होते. पाय हलले ते दिसलं होतं." दोन वर्षं तुला ते माहीत होतं. आणि तू तिथे उठून सांगितलं नाहीस. का, ते मी विचारणार नाही. मला कळतंय, आणि कळतंय म्हणूनच या आठवड्यात मला नीट झोप लागलेली नाही.

पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात: "विचारतेय, गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या की जेवून?"

जेवून. भरपेट जेवून.

मी शुक्रवारी मालामच्या गाडीने येतेय. साहेबांनी दोन महिन्यांची सुट्टी दिली आहे, म्हणाले, "सतराव्या नावापुढे खूण केल्याशिवाय परत येऊ नकोस." गोळ्या माझ्या पिशवीत असतील, आणि ते टवके उडालेलं ताटही. तू दार लावून घेतलंस तर मी बाहेर बसेन, मासळी विकायला मला येतं, तूच शिकवलंस. पण सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सात वाजता तुला दार उघडून हात पुढे करावा लागेल. रोज. एक दिवस चुकला तर विषाणू पुढचा मणी बदलेल.

तू आतून ओरड, मडकं फेकून मार, आईला बोलावून माझ्यासमोर बसव. तुझ्या दारासमोरून मी या वेळी हलणार नाही.

तुझी,
इनासिया